मुलुंडचे वकीलपत्र

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने मला ‘सामायिक तंत्रज्ञान सेवांचे नियोजन’ या विषयावरील बैठकीस बोलावले. अशा बैठकांना निवृत्त माणसास कशासाठी बोलावतात याविषयी माझ्या मनात कोणताही भ्रम नाही. जाड, गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका वाटली गेली. तीत यंत्रांची चित्रे होती, एकमेकांत घुसलेली रंगीत वर्तुळे होती, वर जाणारे बाण होते. परंतु वीजबिल कोणी भरायचे आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षातून करायची, याविषयी एक अक्षरही नव्हते. मी घरी आलो आणि संबंधितांना सविस्तर पत्र लिहिले. पोच आली नाही, म्हणून स्मरणपत्र लिहिले. दुसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा करीत असता मला बाई आठवल्या, आणि त्या दिवशी तो मसुदा पुढे गेला नाही.

बाई म्हणजे अंधेरीच्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका. राहायला घाटकोपरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास विद्यापीठाने उपनगरांतील महाविद्यालयांसाठी संगणकाचा निधी मंजूर केला. पैसे एका यंत्रापुरते होते आणि प्रत्येक प्राचार्याला ते यंत्र स्वतःच्या इमारतीत हवे होते. शिफारशी आणि ओळखी लावण्यात वर्ष निघून गेले असते आणि निधी परत गेला असता. बाईंनी अंधेरी, बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंड येथील चार महाविद्यालयांना एकत्र बसवून एकच यंत्र चौघांत ठेवण्यास राजी केले. यंत्र अंधेरीला ठेवायचे. त्याची किंमत विद्यापीठ देणार, आणि चालवण्याचा खर्च चौघांच्या वार्षिक वर्गणीतून भागवायचा.

त्या केंद्राचे पहिले अंदाजपत्रक बाईंनी केले तेव्हा आमच्या प्राचार्यांबरोबर मीही समोर बसलो होतो. इतर सर्वांनी यंत्रापासून सुरुवात केली असती. बाईंनी पहिल्या ओळीत छपाईचा कागद लिहिला, दुसरीत छपाईयंत्राची रिबन, तिसरीत वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती, चौथीत ऑपरेटर रजेवर गेल्यास बदली माणसाचा पगार. यंत्र शेवटच्या ओळीत येणार होते.

आमचे बोरीवलीचे प्राचार्य मोठ्याने हसले. “बाई, हे संगणक केंद्र आहे की वाण्याची यादी?”

“सर, फ्रिज घेतला म्हणजे दूध आपोआप येतं का?” बाई म्हणाल्या आणि पाचवी ओळ लिहू लागल्या.

त्या काळात अनेक ठिकाणची यंत्रे दुरुस्तीच्या तरतुदीअभावी प्लास्टिकच्या आवरणाखाली धूळ खात पडलेली मी स्वतः पाहिली आहेत. आमचे केंद्र कागद नाही किंवा रिबन नाही म्हणून कधीही बंद राहिले नाही. ज्यांनी त्या यादीची चेष्टा केली होती, त्यांपैकी कोणीही नंतर हे बोलून दाखवले नाही, याचा मला आजही संताप येतो.

मी बोरीवलीच्या महाविद्यालयात व्यापारी कायदा शिकवीत असे. बाईंच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा कारभार पाहणाऱ्या समितीवर माझी नेमणूक माझ्या योग्यतेमुळे झाली नव्हती. प्राध्यापक कक्षातील पंख्यांपासून रजेच्या नियमांपर्यंत सर्व विषयांवर मी प्राचार्यांना लेखी निवेदने देत असे, आणि एक दिवस ते म्हणाले, “तुम्ही अंधेरीला जा. तिकडे लिहा पत्रं. बाईंना सवय होईल.”

समितीवर गेल्यावर बाईंची एक प्रथा मला समजली, आणि समजताक्षणी मी हरकत घेतली. दरवर्षी पुढील वर्षाच्या नियोजनाची बैठक होई. तीत यंत्राचा वेळ आणि वर्गणीचा पैसा यांची वाटणी ठरे. मात्र कोणत्याही प्रतिनिधीला स्वतःच्या महाविद्यालयाची गरज मांडण्याची मुभा नव्हती. बाई ज्याला जे महाविद्यालय नेमून देत, त्याने तेथे प्रत्यक्ष जायचे, वर्गात बसायचे आणि बैठकीत त्याच महाविद्यालयाची बाजू मांडायची. मूळ प्रतिनिधीने ऐकून घ्यायचे आणि शेवटी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच म्हणायचे.

मला मुलुंड नेमून दिले होते. बोरीवलीची बाजू मांडायला नेमले होते मुलुंडच्या प्रतिनिधीला.

मी त्याच दिवशी बाईंना पत्र लिहिले. समितीच्या नियमावलीत अशा प्रथेला कोणताही आधार नाही. प्रतिनिधीचे पहिले कर्तव्य त्याला नेमणाऱ्या संस्थेप्रति असते. दोन विरोधी हितसंबंधांचे प्रतिनिधित्व एकाच व्यक्तीकडे देणे न्यायतत्त्वांशी विसंगत आहे. असे आक्षेप मी क्रमांक घालून मांडले. बाईंचे उत्तर पोस्टकार्डावर आले. ‘आपले आक्षेप योग्य आहेत. मुलुंडचा वर्ग संध्याकाळी सहाला भरतो. वेळेवर जावे, उशिरा येणाऱ्यास बाक मिळत नाही.’

ते कार्ड वाचून माझा तिळपापड झाला. पण आक्षेप योग्य असल्याचे लेखी मान्य करणारी अध्यक्षा मला आयुष्यात प्रथमच भेटली होती. मी गेलो.

त्या वर्षी प्रश्न गंभीर होता. आमच्या प्राचार्यांनी ठराव आणला होता की ज्याची वर्गणी मोठी, त्याला यंत्राचा वेळ त्याच प्रमाणात मिळावा. बोरीवलीची वर्गणी सर्वांत मोठी होती आणि ती वाढवण्याचीही तयारी होती. मुलुंडची सर्वांत लहान. ठराव संमत झाला असता तर मुलुंडच्या वाट्याला येणाऱ्या वेळात विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके पूर्ण होणे शक्य नव्हते. आणि यंत्रावर प्रत्यक्ष चालवून घेतलेल्या प्रोग्रॅमांची वही पूर्ण नसेल तर संगणकाच्या त्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळत नसे. मुलुंडचा अभ्यासक्रम बंदच पडला असता.

मुलुंडचे ते सायंमहाविद्यालय एका शाळेच्या इमारतीत भरे. बाके सातवी-आठवीच्या मुलांच्या मापाची आणि त्यांवर बसलेली माणसे दिवसभर कामावरून आलेली. कोणी औषधांच्या कारखान्यातून, कोणी टेलिफोन एक्स्चेंजमधून, कोणी कापडाच्या दुकानातून. गुडघे बाकाखाली मावत नव्हते, म्हणून सर्व जण तिरपे बसले होते. त्यांना शिकवणारा प्राध्यापक तरुण होता. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून वसतिगृहात राहून शिकलेला, आणि घराण्यात शाळेत गेलेला पहिलाच. माझ्यासाठी बोरीवलीची बाजू मांडणार होता तो हाच.

तेथे यंत्र नव्हते, म्हणून तो स्वतःच यंत्र झाला होता. विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम कागदावर लिहून आणायचा. चार विद्यार्थी हातांत पाट्या घेऊन भिंतीशी उभे राहायचे; प्रत्येक पाटी म्हणजे यंत्राच्या स्मरणातील एक खण, आणि प्रत्येक खणाला ‘पगार’, ‘भत्ता’ असे नाव. हा गृहस्थ प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायचा आणि सांगेल तसे त्या पाट्यांवरचे आकडे पुसून नवे लिहिले जायचे.

“पगार कोण आहे? पाटी वर कर ना! यंत्र झोपलं काय?”

“सर, यंत्राचा हात दुखतोय.”

“यंत्राला हात नसतो. मेमरी, बडबड बंद. पुढची ओळ.”

सगळा वर्ग हसला. पुढच्या ओळी आल्या. एकच क्रिया पुन्हा पुन्हा करायची असे प्रोग्रॅममध्ये होते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्याने कपाळावरचा घाम पुसला. “आणि असंच पुढे,” तो म्हणाला. पाट्या खाली आल्या.

वर्ग सुटल्यावर ‘पगार’ची पाटी धरणारी मुलगी माझ्याकडे आली. औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. कंपनीत पगाराचे काम यंत्रावर घेणार होते, आणि प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला त्या विभागात घेऊ, असे तिच्या साहेबांनी सांगितले होते.

“सर, आमच्यासाठी तुम्ही बोलणार म्हणे.”

“होय.”

“पण तुम्ही तर बोरीवलीचे ना? ठराव तुमच्याच लोकांचा आहे.”

“त्या दिवशी मी मुलुंडचा.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की माझी उलटतपासणीच चालली आहे असे मला वाटले. “बघा हं सर,” ती म्हणाली. “सध्या शनिवारी दुपारचा टाइम आहे आमचा. शनिवारी कारखाना चालू असतो. अर्धा वर्ग येऊच शकत नाही. रविवार मिळाला तर बघा ना. आणि कमी केलात, तर वाटच लागली आमची.”

ही वस्तुस्थिती समितीच्या एकाही कागदावर नव्हती. मुलुंडच्या प्राध्यापकाने ती कधी सांगितली नव्हती, कारण त्याच्या महाविद्यालयाची वर्गणी लहान होती आणि लहान वर्गणीच्या माणसाला अधिक काही मागताना संकोच होतो. मला असला संकोच नाही. बाईंनी मुलुंड मलाच का दिले, हे मला तेथून परत येताना समजले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले. “तुम्ही मुलुंडची वकिली करणार म्हणे! पगार कोण देतं तुम्हाला?”

“पगार आपण देता, सर. अशील समितीने नेमून दिला आहे. नेमून दिलेल्या अशिलाची बाजू लंगडी मांडणारा वकील वकील नव्हे.”

“तुम्ही वकील नाहीच आहात. तुम्ही प्राध्यापक आहात.”

“तर मग मला कायदा शिकवू देऊ नये,” मी म्हणालो, आणि हेच विधान त्यांना लेखीही पाठवले.

बैठक अंधेरीला यंत्राच्या खोलीशेजारी झाली. भिंतीपलीकडून वातानुकूलन यंत्राची घरघर येत होती. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून बोललो, जरी तेथे कोणीही उभे राहत नसे. विद्यापीठाच्या मंजुरीची अट मी वाचून दाखवली: यंत्र ‘सहभागी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी’ आहे. विद्यार्थ्यांच्या, वर्गणीच्या नव्हे. वर्गणी हा खर्च भागवण्याचा मार्ग आहे, त्याने यंत्राची मालकी विकत मिळत नाही. त्यानंतर मी शनिवार दुपारची स्थिती सांगितली, बाके सांगितली, पाट्या सांगितल्या. आवाज चढला असावा, कारण घाटकोपरच्या प्रतिनिधीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“बरोबर आहे का?” बाईंनी मुलुंडच्या प्राध्यापकाला विचारले.

“बरोबर,” तो म्हणाला. आणखीही बोलायचे त्याच्या मनात होते, पण प्रथेप्रमाणे तो थांबला.

मग त्याने बोरीवलीची बाजू मांडली. मी मनातून धास्तावलो होतो. आमची बाजू तो मुद्दाम कच्ची मांडील, आणि मग माझे सारे भाषण साटेलोट्याचे ठरेल, ही ती धास्ती. झाले उलटेच. तो आमच्या विद्यार्थ्यांबरोबर बोरीवलीहून अंधेरीला आला होता आणि यंत्राच्या खोलीत त्यांच्या मागे बसून राहिला होता. त्याने सांगितले की बोरीवलीची मुले मोठ्या यंत्रासमोरचा बहुतेक वेळ एकेका बोटाने प्रोग्रॅम टाइप करण्यात घालवतात. तेवढा वेळ यंत्र नुसते वाट पाहते. बोरीवलीला अधिक वेळ नको आहे. बोरीवलीतच फ्लॉपीवर टाइप करून ठेवायची दोन लहान यंत्रे हवी आहेत. मुलांनी तयार फ्लॉपी घेऊन यायचे आणि यंत्राला काम सांगायचे. आहे त्याच वेळात दुप्पट विद्यार्थ्यांची कामे होतील, आणि वाढीव वर्गणीसाठी काढलेल्या पैशांतून ही यंत्रे घेऊनही काही शिल्लक राहील.

“बोरीवलीच्या मुलांवर अन्याय होतोय हे खरं आहे, सर,” तो आमच्या प्राचार्यांकडे वळून म्हणाला. “त्यांचा वेळ फुकट जातोय. मला बघवलं नाही.”

आमचे प्राचार्य व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. स्वतःच्या महाविद्यालयाची अडचण त्यांना प्रथमच कळत होती, आणि ती सांगत होता मुलुंडचा माणूस.

“बरोबर की चूक?” बाईंनी मला विचारले.

“बरोबर,” मी म्हणालो.

बाईंनी विजयाची मुद्रा केली नाही. त्यांनी नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिले: रविवार, ऑपरेटरचा भत्ता. दुसऱ्या ओळीत: रविवार, वीज. “हे कोणाकडून?” त्यांनी विचारले.

प्रतिनिधी आपापले कागद चाळू लागले. बाई पेन हातात धरून नुसत्या बसल्या. पुष्कळ सभाध्यक्षांना शांतता सहन होत नाही आणि ते काहीतरी बोलून समोरच्याची सुटका करतात. बाईंनी कोणाचीही सुटका केली नाही.

“आमचं जे शिल्लक राहील, त्यातून घ्या,” अखेर आमचे प्राचार्य म्हणाले. “पण मिनिट्समध्ये लिहा, बोरीवलीने दिलं म्हणून. आणि माझा ठराव मागे घेतला असं लिहू नका. विचारार्थ ठेवला म्हणा.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या, आणि शब्दशः तसेच लिहिले.

बैठकीनंतर मी बाईंना म्हणालो की ही प्रथा नियमावलीत घालावी, मसुदा मी करून देतो. प्रथा बेकायदेशीर आहे हे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. म्हणूनच तिला आधार द्यायला हवा होता. बाईंनी पदर खांद्यावर घेतला. “जरूर करा. पण सर, त्यात ‘वर्गात बसावे’ हे कसं लिहाल? लोक सही करून परत येतील.” मी आठवडाभर मसुदे केले. प्रत्येकात सही करून परत येण्यास वाव राहिला.

पहिल्या रविवारी मी अंधेरीला गेलो. माझे तेथे काही काम नव्हते. फाटकाशी मुलुंडची सर्व मंडळी उभी होती, बाहेर, उन्हात. चौकीदार चावी देईना. तो मालवणकडचा, उतारवयाचा. गिरणी बंद पडल्यावर या नोकरीला लागलेला.

“माका लेखी ऑर्डर व्हयी,” तो म्हणाला. “रविवारी उघडूची ऑर्डर माझ्याकडे नाय.”

“अहो, बैठकीत ठरलंय!” मुलुंडचा प्राध्यापक काकुळतीला आला होता.

“गिरणीत तोंडी सांगण्यार इश्वास ठेवलंय, साहेब. काय झाला ता माका म्हायत आसा.”

कायदेशीरदृष्ट्या त्याची बाजू अभेद्य होती. निर्णय झाला, इतिवृत्त झाले, पण फाटकावरच्या माणसाला आदेश देण्याचे कोणालाही सुचले नव्हते. मला त्याचा राग आला नाही; ज्याने आदेश काढायला हवा होता त्या कार्यालयाचा आला. एका विद्यार्थ्याकडून प्रोग्रॅम लिहायचा कोरा कागद घेऊन मी भिंतीवर धरला आणि आदेश लिहिला. सही करण्याचा अधिकार मला नव्हता. एवढ्यात घाटकोपरच्या बसमधून बाई उतरल्या. त्यांनी कागद वाचला, सही केली आणि चौकीदाराच्या हाती दिला.

“दर रविवारचो लिवा,” तो म्हणाला. “नायतर फुडच्या रविवारी परत ह्याच.”

मी तशी दुरुस्ती केली. बाईंनी दुरुस्तीवरही आद्याक्षरे केली. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि फाटक उघडले.

यंत्राच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून पादत्राणे बाहेर काढावी लागत. दाराशी रबरी चपला, कारखान्याचे जाड बूट, शिवून घेतलेल्या सँडल यांची रांग लागली. आत गारवा येईपर्यंत ऑपरेटरने कोणाला काही स्पर्श करू दिला नाही. मग पहिला प्रोग्रॅम त्या पॅकिंगच्या मुलीचा. तिने तो कारखान्यातील पगारासाठी लिहिला होता आणि वर्गात पाट्यांवर कितीदा तरी चालवून पाहिला होता. पहिले नाव तिने स्वतःचे घातले होते.

छपाईयंत्र खडखडले. कागदावर तिचे नाव आणि पगार उमटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा तिचेच नाव उमटले. मग पुन्हा. कागद घड्या पडत जमिनीवर येऊ लागला आणि प्रत्येक ओळीत तीच.

“अगं, थांबायचं कुठे ते सांगितलंच नाहीस!” मुलुंडचा प्राध्यापक ओरडला.

“सर, तुम्ही थांबायचा ना!” ती म्हणाली. “तुम्ही ‘असंच पुढे’ म्हणायचा आणि खाली बसायचा. मला काय माहीत, हे दमत नाही म्हणून!”

सगळी खोली हसत होती. तो स्वतः कपाळाला हात लावून हसत होता. वर्षभर मायेने चाललेल्या त्या माणूस-यंत्राने शनिवारी येऊ न शकणाऱ्या सर्वांच्या प्रोग्रॅमांत एकच चूक सांभाळून ठेवली होती, आणि रविवार मिळाला नसता तर ती परीक्षकासमोर उघडी पडली असती.

ऑपरेटर बटणाकडे धावला. “बाई, कागद जातोय! किती कागद जातोय बघा!”

बाई दाराशी अनवाणी उभ्या होत्या. “जाऊ द्या थोडा,” त्या म्हणाल्या. “तिला नीट बघू द्या. कागदाची तरतूद आहे आपल्याकडे.”

ती मुलगी जमिनीवर बसून स्वतःच्या नावाच्या घड्या वाचत होती आणि चूक कोठे आहे ते पेन्सिलने शोधीत होती. दुपारपर्यंत तिचा प्रोग्रॅम योग्य जागी थांबला. पुढे परीक्षेतही थांबला. तिची बदली पगार विभागात झाली, हे तिने मला पत्राने कळवले. त्या पत्राला मी त्याच दिवशी उत्तर दिले.

गेल्या वर्षीच्या त्या बैठकीविषयीचे माझे दुसरे स्मरणपत्र अखेर मी पूर्ण केले. मूळ पत्रात क्रमांक घातलेले अनेक मुद्दे होते. ते सर्व काढून टाकून मी एकच प्रश्न ठेवला: आपल्यापैकी कोण कोणाच्या वर्गात बसून आले आहे? उत्तराची वाट पाहत आहे.